मंगळवारी त्याने सुरुवात करावी का?

पत्र थोडक्यात: न्यू जर्सीत राहणाऱ्या एका वडिलांनी लिहिलं आहे. मुलगा १७ वर्षांचा, हायस्कूलच्या बेसबॉल संघात पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. गेल्या वर्षी तो स्टार्टिंग रोटेशनमध्ये होता, म्हणजे सामन्याचा पहिला चेंडू टाकायची पाळी ज्या तिघांकडे फिरत येते त्यांतला एक. यंदा पहिल्या चार सामन्यांत घडी विस्कटली. दोन इनिंग स्वच्छ जायच्या आणि तिसऱ्या-चौथ्यात वॉकवर वॉक (चार चेंडू बाहेर गेले की बॅटरला पहिला बेस फुकट मिळतो, तो वॉक). १३ इनिंगमध्ये १४ वॉक. कोचने त्याला बुलपेनमध्ये हलवलं, म्हणजे सामना मध्यावर असताना आणायच्या रिलीफ पिचरमध्ये. गेल्या तीन आठवड्यांत तो पाचदा सामना मध्यावर असताना आला, दर वेळी एखादी इनिंग टाकली, मिळून एकच धाव दिली. आता रोटेशनमधल्या दुसऱ्या मुलाचा घोटा मुरगळला आहे आणि कोच विचारतो आहे, येत्या मंगळवारी सुरुवात करशील का? मुलगा म्हणतो, ‘व्हॉटएव्हर, आय ॲम फाइन.’ आईला वाटतं नको. वडिलांना वाटतं, कॉलेजच्या कोचच्या नजरेत परत यायची हीच वेळ. सांगलीचे आजोबा रात्री दीड वाजता फोनवर सामना लावून बसतात आणि ‘आज आहे का तो?’ विचारतात, याचंही घरावर ओझं आहे. वडिलांचा प्रश्न: ‘त्याचा गेलेला आत्मविश्वास परत आणायला त्याला रोटेशनमध्ये पाठवावं, की थांबावं?’

नमस्कार,

तुम्हाला उत्तर मंगळवारच्या आत हवं होतं, म्हणून ते आधी तुम्हाला पाठवलं आणि तुमच्या परवानगीने इथे देते आहे. अशाच वळणावर उभी असलेली बरीच घरं मला माहीत आहेत.

तुमच्या पत्रात शेवटाकडे, कंसात एक वाक्य आहे: ‘सामन्यानंतर कधी कधी कोपरावर बर्फ लावून बसतो, पण दुखत नाही म्हणतो.’ रोटेशन, कॉलेज, आत्मविश्वास या सगळ्यावर बोलूच. पण माझा जीव त्या कंसात अडकला आहे, म्हणून आधी तेच.

१७ वर्षांचा मुलगा न दुखणाऱ्या जागी सहसा बर्फ लावत नाही. ८०-९० चेंडू टाकल्यावर खांद्याच्या मागचे किंवा दंडाचे स्नायू ठणकतात, एक-दोन दिवसांत उतरतात. पिचरला ते नवीन नाही. कोपराच्या आतल्या बाजूचं दुखणं मात्र वेगळं. तिथे दंडाचं हाड आणि खालचं हाड यांना बांधून ठेवणारा एक अस्थिबंध असतो, आणि वेगाने फेकताना त्याच्यावर जबरदस्त ताण येतो. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपरात तो अस्थिबंध नव्याने बसवला. जॉन १९७६ मध्ये परतला आणि त्यानंतर त्याच्या नावावर १६४ विजय लागले. शस्त्रक्रियेला त्याचंच नाव पडलं. ही गोष्ट अमेरिकेत इतक्या कौतुकाने सांगतात की कित्येक पालकांना ते ऑपरेशन म्हणजे गाडीचं सर्व्हिसिंग वाटायला लागलं आहे. त्यानंतर सामन्यात उतरायला साधारण वर्ष-दीड वर्ष जातं, आणि सगळेच पूर्वीसारखे होऊन येत नाहीत. तुमच्या मुलाचं हायस्कूलच मुळी एवढं उरलं आहे.

माझा मुलगाही पिचर होता. त्याने कोपराचं दुखणं सहा आठवडे माझ्यापासून लपवलं. नंतर, सगळं निस्तरल्यावर, मी कारण विचारलं तर म्हणाला, “आई, गाडीत बसलो की तू पहिलं विचारायचीस, आज स्पीड किती होता?” त्याच्या बोलण्यात राग नव्हता. त्यामुळेच ते मला जास्त लागलं. म्हणून तुम्हाला अगदी जवळच्या माणसासारखं सांगते, ‘दुखतंय का?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर तुम्हाला आधीच मिळालं आहे. ‘बर्फ नेमका कुठे लावतोस, बोटाने दाखव’ असं म्हणा. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना, हात पूर्ण सरळ करताना काही जाणवतं का, ते विचारा. बोट कोपराच्या आतल्या हाडाच्या टोकाकडे गेलं तर मंगळवारचा विषय तिथेच संपला. क्रीडावैद्यकातल्या डॉक्टरांना दाखवा आणि ते सांगेपर्यंत चेंडू बॅगेत राहू द्या.

आता तुमच्या स्कोअरच्या वहीकडे येते. शाळेच्या प्रत्येक सामन्याची वही तुम्ही स्वतः भरता हे वाचून बरं वाटलं, कारण तुम्हाला हवी ती उत्तरं माझ्यापेक्षा त्या वहीकडे जास्त आहेत.

तुम्ही लिहिता की रविवारी तो ट्रॅव्हल टीमकडून, म्हणजे शाळेबाहेरच्या, फी भरून खेळायच्या संघाकडूनही खेळतो. तिथले चेंडू कोण मोजतं? हायस्कूल बेसबॉलमध्ये २०१७ पासून प्रत्येक राज्याच्या संघटनेला चेंडूंची मर्यादा आणि सक्तीची विश्रांती ठरवावी लागते. पण शाळेचा कोच शाळेचे चेंडू मोजतो आणि ट्रॅव्हल टीमचा कोच आपले. हात मात्र एकच आहे. मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांनी २०१४ मध्ये ‘पिच स्मार्ट’ या नावाने वयानुसार आकडे ठरवून दिले. १७-१८ वर्षांच्या मुलाने दिवसाला जास्तीत जास्त १०५ चेंडू टाकावेत. ३० पर्यंत टाकले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा चालतं. ३१ ते ४५ टाकले तर एक दिवस विश्रांती, ६० पर्यंत दोन, ८० पर्यंत तीन आणि त्यापुढे चार. रविवारी ट्रॅव्हल टीमसाठी ५५ आणि मंगळवारी शाळेसाठी २० टाकले, तर दोन्ही वह्या निर्दोष दिसतात. प्रत्यक्षात बुधवारच्या आधी त्याने माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, चढायलाच नको होतं.

शिवाय या आकड्यांत बुलपेनमधला सराव धरत नाहीत. रिलीफ पिचरला कोच उठवतो, तो २०-२५ चेंडू टाकून हात गरम करतो, मग सामना सावरतो आणि त्याला परत बसवतात. वहीत त्या दिवशी त्याच्यापुढे काहीच नसतं. घरी येऊन तो बर्फ लावतो आणि आपण म्हणतो, आज तर खेळलाही नाहीस! गेल्या तीन आठवड्यांत असं किती वेळा झालं, हे त्याला विचारा आणि एका कागदावर तारखेनुसार सगळं एकत्र मांडा. हे काम एका संध्याकाळचं आहे आणि पिचर मुलगा असलेल्या प्रत्येक घराने ते करावं असं मला कळकळीने वाटतं.

कोपर निर्धास्त निघालं असं धरून पुढे जाऊ.

‘आत्मविश्वास गेला’ हे तुमचं निदान आहे. खरंच काही पिचरचं असं होतं. पिट्सबर्गचा स्टीव्ह ब्लास १९७२ मध्ये १९ सामने जिंकला आणि १९७३ मध्ये त्याला स्ट्राइक झोन, म्हणजे चेंडू जिथून जायला हवा ती चौकट, सापडेनासा झाला. ८८ इनिंगमध्ये ८४ वॉक. हात दुखत नव्हता आणि कारण कोणालाच कळलं नाही. पण अशी उदाहरणं लोकांच्या लक्षात राहतात ती दुर्मीळ असतात म्हणून. मन खचलेला मुलगा पहिल्याच बॅटरला वॉक देईल. तुमचा मुलगा दोन इनिंग स्वच्छ टाकतो आणि मग कोसळतो. मन बरोबर तिसऱ्याच इनिंगला कसं खचेल? तिसऱ्या इनिंगमध्ये काहीतरी बदलतं, ते शोधायला हवं.

काय बदलतं? एक म्हणजे बॅटिंगची रांग पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. ज्यांनी त्याला एकदा पाहिलं आहे तेच बॅटर परत समोर येतात. त्याच्याकडे वेगवान फास्टबॉल आणि वळणारा कर्व्ह एवढेच दोन चेंडू असतील, तर एव्हाना त्यांनी दोन्ही पाहिलेले असतात. ते कर्व्ह सोडून देतात, फास्टबॉलची वाट बघतात, आणि मुलगा बॅटरजवळच्या १७ इंच रुंदीच्या होम प्लेटच्या कडा शोधायला लागतो. वॉक तिथून येतात. दुसरं, थकवा. चाळिसाव्या चेंडूनंतर पाय जड झाले की हात मागे राहतो आणि चेंडू वर वर जातो. तिसरं, बेसवर कोणी पोचलं की पिचरला लांबलचक वाइंडअप सोडून आखूड हालचालीने, स्ट्रेचमधून टाकावं लागतं, आणि काहींची लय तिथेच तुटते.

वही उघडा आणि चौदाच्या चौदा वॉक एकेक करून बघा. किती बॅटर दुसऱ्यांदा आलेले होते? किती वॉक ४० चेंडूंनंतरचे? बेसवर कोणी होतं का? तासाभरात चित्र दिसायला लागेल.

आणखी एक गोष्ट तुम्ही कौतुकाने लिहिली आहे: या हिवाळ्यात तो तीन इंच वाढला! पिचरसाठी तीन इंच म्हणजे जवळजवळ नवं शरीर. पाय लांब पडतो, हात वेगळ्या उंचीवरून सुटतो, आणि ६० फूट ६ इंचांवरच्या होम प्लेटपाशी पोचेपर्यंत सुटतानाचा बोटभर फरक हातभर होतो. रिलीफमध्ये बहुतेक पिचर बेस रिकामे असतानाही स्ट्रेचमधूनच टाकतात. तोही तसंच करत असेल आणि तिथे वॉक कमी झाले असतील, तर स्ट्रेच हे कारण बाद. उलट या नव्या उंचीला तीच आटोपशीर हालचाल मानवते आहे, असं म्हणता येईल. मग सुरुवात करतानाही त्याने तीच वापरावी. वाइंडअप केलंच पाहिजे असा नियम नाही.

बुलपेनमधल्या पाच चांगल्या इनिंगवर तुम्ही बरीच आशा बांधली आहे. तिथे मला तुम्हाला थोडं थांबवायचं आहे. रिलीफमध्ये त्याने प्रत्येक बॅटरला एकदाच पाहिलं आणि २०-२२ चेंडूंत काम संपवलं. म्हणजे जिथे त्याचं बिनसतं तिथपर्यंत तो पोचलाच नाही. टिम लिन्सकमचं हेच झालं होतं. २००८ आणि २००९ असा सलग दोनदा वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवणारा हा सॅन फ्रान्सिस्कोचा पिचर २०१२ मध्ये इतका घसरला की त्याची सरासरी ५.१८ झाली, म्हणजे दर नऊ इनिंगला पाचावर धावा. प्लेऑफमध्ये त्याला बुलपेनमध्ये ठेवलं आणि तिथे त्याने कमाल केली. सगळे म्हणाले, गडी परत आला. सेंट लुईसविरुद्ध चौथ्या सामन्यात त्याला सुरुवात करायला दिली, तेव्हा पाच इनिंगही पूर्ण झाल्या नाहीत आणि संघ हरला. वर्ल्ड सिरीजमध्ये तो परत बुलपेनमधून आला आणि परत उत्तम खेळला. पुढे २०१३ आणि २०१४ मध्ये सुरुवात करूनच त्याने दोन नो-हिटर, म्हणजे समोरच्या संघाला एकही हिट न देता पूर्ण सामने, टाकले, हेही खरं आहे. पण ते मधल्या हिवाळ्यानंतर, चार दिवसांत नाही.

खऱ्या अर्थाने परतणं कसं असतं, ते रॉय हॅलाडेकडे बघून कळतं. मला हा माणूस फार जवळचा वाटतो. १९९८ मध्ये, कारकिर्दीतल्या दुसऱ्याच सामन्यात, तो नो-हिटरपासून एका आउटवर होता. नवव्या इनिंगमध्ये होम रन बसला आणि ते हुकलं. दोन वर्षांनी, २००० मध्ये, त्याची सरासरी १०.६४ होती. टोरोंटोने २००१ मध्ये त्याला थेट खाली, क्लास ए संघात पाठवलं. मेजर लीगमध्ये खेळलेल्या माणसाला गावच्या तालमीत परत पाठवण्यासारखंच ते. तिथे मेल क्वीन नावाच्या जुन्या कोचने त्याची फेकच बदलली. वरून सरळ येणारा हात थोडा खाली, तिरका आणला. सरळसोट येणारा त्याचा फास्टबॉल त्यामुळे वळायला आणि खाली बुडायला लागला. त्याच उन्हाळ्यात तो टोरोंटोला परतला. २००३ मध्ये त्याला साय यंग मिळाला, २०१० मध्ये एका मोसमात पर्फेक्ट गेम (एकही बॅटर बेसवर न पोचलेला सामना) आणि प्लेऑफमधला नो-हिटर. हॅलाडेला नुसतं परत पाठवलं असतं तर १०.६४ चाच हॅलाडे परत गेला असता. आधी फेक बदलली, मग रोटेशनमधली जागा मिळाली. तुमच्या पत्रात हा क्रम उलटा आहे: आधी जागा द्यावी, म्हणजे मुलगा सुधारेल.

बुलपेन ही शिक्षा आहे, असंही तुमच्या पत्रातून डोकावतं. मारियानो रिव्हेराने १९९५ मध्ये यँकीजसाठी दहा सामन्यांत सुरुवात केली होती आणि ती फारशी जमली नव्हती. तो रिलीफमध्ये गेला तो गेलाच; ६५२ सेव्ह, म्हणजे शेवटी येऊन राखलेले विजय, झाले आणि हॉल ऑफ फेममध्ये तो एकमताने गेला. जॉन स्मोल्ट्झ कोपराच्या ऑपरेशननंतर रिलीफमध्ये गेला आणि २००५ मध्ये पुन्हा रोटेशनमध्ये आला. दोन्ही रस्ते खुले असतात. कॉलेजचे संघ साधारण शनिवार-रविवारला जोडून तीन सामन्यांची मालिका खेळतात, आठवड्यात मध्ये आणखी एखादा. म्हणजे तीन-चार स्टार्टर आणि बाकी सगळं बुलपेन. तिथल्या कोचना व्हिडिओ, वेग, स्ट्राइक टाकायची क्षमता आणि मार्क बघायचे असतात. एका मंगळवारी त्याने सुरुवात केली नाही म्हणून कोणी त्याच्या नावावर काट मारणार नाही. मंगळवारी सहा वॉक दिल्याचा व्हिडिओही काही मदत करणार नाही.

तुमची नऊ वर्षं मला दिसतात. पहाटे उठून गाडी काढणं, थंडीत इनडोअर सरावाच्या बाहेर बसून राहणं, ट्रॅव्हल टीमची फी, आणि ज्या खेळाचे नियम आपण स्वतः चाळिशीत शिकलो त्यात मुलाला उभं करणं. एवढं केलेल्या माणसाला ‘थांबा’ म्हटलेलं ऐकवत नाही. पण कोचने प्रश्न तुमच्या मुलाला विचारला आहे. ‘व्हॉटएव्हर’ हे त्याचं उत्तर नाही. घरात दोन मतं आहेत हे त्याला माहीत आहे. एक बाजू घेतली की दुसरी दुखावणार, म्हणून तो मधून सटकतो आहे. त्याच्या आईचं आणि तुमचं आधी एकमेकांत बोलणं होऊ द्या. मग दोघं मिळून त्याला सांगा, ‘तू काय ठरवशील ते आम्हाला चालेल, फक्त कोपराचं खरं सांग.’ आणि कोचशी त्यालाच बोलू द्या, तुम्ही ईमेल लिहू नका. त्याने विचारायचे प्रश्न साधे आहेत. सर, मी तिसऱ्या इनिंगमध्ये का घसरतो, तुम्हाला काय दिसतं? मला चेंजअप, म्हणजे फसवा हळू चेंडू, शिकवाल का? मंगळवारी मी मोजकेच चेंडू टाकले तर चालेल का?

हा तिसरा प्रश्न महत्त्वाचा, कारण पूर्ण सुरुवात किंवा पूर्ण नकार, एवढे दोनच पर्याय आहेत असं तुम्ही धरून चालला आहात. २०१८ मध्ये टँपा बे रेजने सर्जियो रोमो या कसलेल्या रिलीफ पिचरला सामन्याची सुरुवात करायला लावली, एका इनिंगपुरती, आणि मग नेहमीचा स्टार्टर आणला. आता अनेक संघ हे करतात. तुमच्या मुलालाही मंगळवारी ४५ चेंडू किंवा बॅटिंगची एक फेरी, जे आधी होईल तिथे थांबता येईल. तीन आठवडे २०-२२ चेंडू टाकणाऱ्या हाताला एकदम ९० वर नेणं हे कोणत्याही आकड्यांत बसत नाही. मंगळवारी ४५, पुढच्या वेळी ६०, मग ७५, आणि प्रत्येक वेळी मधल्या विश्रांतीचे दिवस. स्वच्छ तीन इनिंग टाकत असताना त्याला बाहेर काढलं तर तुम्हाला चुटपुट लागेल. लागू दे. तो चांगलं टाकत असतानाच माउंडवरून उतरला, ही गोष्ट त्याला पुढच्या आठवड्यात उपयोगी पडेल. कोच एवढ्या मर्यादेला तयार नसेल, तर मुलाने नम्रपणे ‘मी बुलपेनमध्येच बरा आहे’ म्हणावं. आणि या रविवारी ट्रॅव्हल टीमसाठी एकही चेंडू नाही. ते मात्र तुम्ही आजच कळवा, कारण तिथे फी तुम्ही भरता आणि त्या कोचला नाही म्हणायचं ओझं मुलावर टाकण्यात अर्थ नाही.

आजोबांचं सांगायचं राहिलं. चार वाजताचा सामना म्हणजे सांगलीत रात्रीचे दीड. स्टार्टर असला की त्यांना माहीत असायचं, पहिला चेंडू नातवाचा. आता ते सहाव्या इनिंगपर्यंत जागतात आणि कधी कधी तो येतच नाही. त्यांचा प्रश्न तक्रारीचा नाही, कधी जागं राहायचं ते त्यांना कळत नाही एवढंच. त्यांना एकदा सविस्तर फोन करा, बुलपेन म्हणजे काय ते सांगा, आणि तो माउंडवर आला की व्हिडिओ काढून त्यांना सकाळी चहाच्या वेळेला पाठवत जा. फोन मुलाकडूनच करवलात तर उत्तम. नातवाचं मराठी अडखळलं तरी आजोबा ऐकून घेतील, आणि कोपराबद्दल जे तो तुम्हाला सांगत नाही ते कदाचित त्यांना सांगेल.

सोमवारी सकाळची डॉक्टरांची वेळ मिळते का, ते मात्र आत्ताच बघा.